पान उघडायला लागलेले चौदा सेकंद

डोंबिवली (पूर्व), मंगळवार

ती. आसावरीताईस,
धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? कोलशेतच्या नव्या घरात लिफ्ट चालू राहते ना? इकडे मी बरा आहे, म्हणजे तब्येतीने. (पत्र लिहितोय कारण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग मला काय सांगायचं होतं तेच राहतं.)

तुझा नील चार दिवस माझा फोन उचलत नाही. आमच्या वाचनालयाची वेबसाइट त्याने हौसेने करून दिली, पण ती उघडायला फार वेळ लागतो अशी सभासदांची तक्रार आहे. येत्या रविवारी कार्यकारिणीत ठरणार की साइट त्याच्याकडून काढून दुसऱ्या कुणाला द्यायची. मी त्याचा मामाही आणि वाचनालयाचा कार्यवाहही, त्यामुळे माझी पंचाईत तुला समजेल.

नीलचं म्हणणं होतं की आधी मोजा आणि नोंद ठेवा: पान किती वेळात येतं आणि ते केवढं आहे. नोंद म्हटल्यावर मी लगेच जाड रजिस्टर आखलं. तारीख, सदस्याचं नाव, लागलेला वेळ, आकार, शेरा, सही. मोजणीत पक्षपात नको म्हणून कार्यकारिणीच्या सातही सदस्यांना एकाच वेळी हॉलमध्ये बसवलं, वाचनालयाच्या एकाच वायफायवर, आणि मी 'हं' म्हटलं की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं असं ठरवलं. ग्रंथपाल साईनाथ स्टॉपवॉच घेऊन उभा. पहिल्या फेरीत चौदा सेकंद, दुसऱ्या दिवशी बावीस. त्यांतल्याच कमळाबाईंनी घरी एकटीने उघडलं तेव्हा मात्र नऊ. म्हणजे आम्ही जितकं शिस्तीत मोजावं तितकी साइट मंद, हे काही मला उलगडेना. त्याच फोनवर लगेच पुन्हा उघडलं तर दोन सेकंदांत हजर. नील म्हणाला, फोन पान लक्षात ठेवतो. मी ती परीक्षेतल्यासारखी कॉपी समजून असले सगळे आकडे लाल शाईने खोडले.

आकाराचा रकाना कसा भरायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ज्याने त्याने अंदाजाने भरला. 'मोठा', 'बरा', 'नेहमीएवढा'. (कमळाबाईंनी 'ठीक' लिहून खाली सही केली.) शुक्रवारी नील रजिस्टर बघायला आला. बराच वेळ पानं उलटत बसला आणि एवढंच म्हणाला, "भाऊमामा, सात जण एकदम का उघडताय? एकेकाने उघडा ना." मला वाटलं तो पळवाट काढतोय. मी सगळ्यांदेखत म्हणालो की रजिस्टरवरून तरी काम हलगर्जीपणाचं दिसतंय. तो चहा न घेता गेला. ताई, मी असं बोलायला नको होतं, पण त्या वेळी माझ्या हातात सात सह्या होत्या.

तेव्हा त्याला जरा समजाव. भावोजींना नमस्कार, चि. अंतराला आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी साईनाथने एक कागद आणून दिला. पानावरची प्रत्येक वस्तू किती वेळात आली आणि केवढी होती, हे नीलने संगणकात आपोआप लिहिलं जाईल असं करून ठेवलेलं आहे म्हणे, त्याचीच ही छापील प्रत. पुस्तकांची अख्खी यादी साठ के.बी. बाकी मजकूर अठरा. एक फोटो अकरा हजार. तो माझा आहे, सत्काराचा, शाल-श्रीफळासकट. लावताना नीलने विचारलं होतं, लहान करू का, आणि मी म्हणालो होतो की जसा आहे तसाच लाव, शालीचा जरीकाठ दिसला पाहिजे. हे त्याला शुक्रवारीही माहीत होतं. सात जणांसमोर मी त्याला बोललो, तरी त्याने फोटोचं नाव काढलं नाही. मला फार लाज वाटतेय.

ता. क. २. वर 'समजाव' लिहिलंय ते खोड. रविवारी सभेत हा कागद मी स्वतः वाचणार आहे, फोटो कुणाचा त्यासकट. नीलला फक्त माझ्या शेजारी येऊन बसायला सांग. कागदावर वेळ मिलिसेकंदांत आहे आणि कमळाबाईंनी काही विचारलं तर मला एकट्याला सांगता यायचं नाही.