कंबर भुईला न टेकवता

आई, माझी कंबर धरली आहे. आता सुटत आली म्हणायची, पण गणपतीच्या सुमारास धरलेली, थंडी पडायला लागली तरी पुरती सुटलेली नाही. सकाळी कॉलेजात शिकवायला जायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी मधल्या खोलीत चटई टाकते, पाठीवर झोपते, गुडघे वर घेते आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलेले व्यायाम करते. तू गेलीस त्या वयाची मी आता झाले. तुला लिहायला एवढं कारण पुरेसं होतं, पण खरं म्हणजे मी फार दमले आहे, आणि दमलेल्या माणसाचं ऐकत बसायला आमच्या घरात कुणाला सवड नाही.

माझा नवरा तू पाहिला नाहीस. चांगला आहे. त्याचे वडील आमच्याबरोबर राहतात, त्यांना मी अण्णा म्हणते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, जिभेला धार आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ थोड्या दिवसांत परत आली, पाय आला नाही. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी नवऱ्याने त्यांना काखेत हात घालून पलंगावर ओढलं आणि ते कळवळून ओरडले. मी नवऱ्याला बाजूला केलं, पलंगावरची चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून घेतली आणि त्याला दुसरं टोक धरायला लावून अण्णांना अलगद वर सरकवलं. नवरा म्हणाला, "तुला जमतं. नर्सची मुलगी आहेस शेवटी." घरात असं कौतुक झालं की ते काम आपलं होतं. तेव्हापासून त्यांना उठवणं, खुर्चीत बसवणं, आंघोळीला नेणं, सगळं माझ्याकडे आलं. कुणी ठरवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

ती चादरीची युक्ती तुझीच. सातवी-आठवीत असताना शाळा सुटली की मी तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसायची, तुझी ड्यूटी संपेपर्यंत. एकदा दार उघडं होतं. आत एक अवाढव्य माणूस पलंगावरून घसरून पायथ्याशी आला आहे, आयामावशी त्याचे खांदे धरून ओढते आहे, आणि तू पांढऱ्या साडीचा पदर खोचून म्हणतेस, "मावशी, माणूस नाही, चादर धरा." मग तुम्ही दोघी गुडघ्यात वाकता, आणि तो माणूस नाव पाण्यावरून सरकावी तसा वर जातो. मला वाटलं होतं, हे काम सोपं आहे. घरी आल्यावर मी नळाखालची भरलेली बादली कमरेत वाकून उचलायला गेले आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "वाकून काहून उचलतेस? गुडघे देले नाही का तुले?" पुण्यात इतकी वर्षं काढूनही राग आला की तुझी बोली थेट भंडाऱ्याला जायची. बाबा तिकडेच नोकरीला, महिन्यातून एकदा येणार. क्वार्टरमध्ये आपण दोघीच. धपाटा घालून झाल्यावर तू स्वतः ओट्याला धरून वाकलीस आणि बराच वेळ तशीच उभी राहिलीस. तुझी कंबर दुखते हे मला त्या दिवशी कळलं.

आंघोळीच्या वेळी चादर नसते, आई. अण्णांचा चांगला पाय ओल्या फरशीवर दुमडला, मी अर्धवट वळलेली होते, तशीच हात लांब करून त्यांना धरलं आणि कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्यांना पडू दिलं नाही, पण आम्ही दोघंही भिंतीला घासत खाली बसलो.

"लागलं का?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"मला काय लागतंय? मी तुझ्यावर बसलोय. ऊठ."

"उठता येत नाहीये, अण्णा."

त्यांनी भिंतीला पाठ टेकवली. मग म्हणाले, "मग बसू. घाई कुठाय." नवरा आतल्या खोलीत हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. अण्णांनी त्याला हाका मारल्या, मग डाव्या हाताने तांब्या फरशीवर आपटायला सुरुवात केली. नवरा आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला हसू येत होतं, आणि हसलं की कळ थेट पोटरीपर्यंत जात होती.

पुढचे काही दिवस मी पडून होते आणि कुणाशी बोलत नव्हते. दोघांना वाटलं, दुखतंय म्हणून. दुखत होतंच. पण मी दुसरंच करत होते, दुखणं तपासत होते. झोपल्यावर कमी होतं का? कूस बदलल्यावर? पहाटे जाग येते ती दुखण्याने की सवयीने? कारण तुझं झोपल्यावर कमी व्हायचं नाही. शेवटच्या वर्षी तू बसायचीस, उठायचीस, परत आडवी व्हायचीस, आणि विचारलं तर म्हणायचीस, "हे दुखणं काही येगळंच होऊन राहिलं." तू इतक्या लोकांची दुखणी पाहिली होतीस, तुला फरक कळत होता. तुझ्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आधी हसून सांगितलं, सिस्टरची कंबर, जन्मभर माणसं उचलल्यावर दुसरं काय होणार. त्यांचंही फार चुकलं असं मला वाटत नाही. तुझी कंबर त्याआधी कितीतरी वर्षं खरोखरच तशी दुखत होती. मणक्यात उतरलेला कॅन्सर त्या जुन्या दुखण्याच्या आडोशाला बसला. उघड झाला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि ते वर्ष संपायच्या आत तू नव्हतीस.

म्हणून एमआरआयच्या त्या नळीत मी डोळे घट्ट मिटून पडले होते आणि तुझं वय मोजत होते. रिपोर्ट घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, पेनाने एक जागा दाखवली आणि म्हणाले, "इथली गादी सरकलीये. बाकी सगळं स्वच्छ आहे." मी विचारलं, "दुसरं काही नाही ना?" ते म्हणाले, "दुसरं काय हवंय तुम्हाला?" आणि मी रडायला लागले. ते बिचारे गडबडले. "अहो बाई, ऑपरेशन नाही सांगितलं मी! व्यायाम सांगतोय, व्यायाम." नवरा माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. त्याला वाटलं, मी वेदनेने रडते आहे. बाहेर येऊन रिक्षात बसताना तो म्हणाला, "बघ, काही नाही निघालं." मी हो म्हटलं. तुझ्याविषयी त्याला सगळं माहीत आहे, पण माहीत असणं निराळं आणि त्या क्षणी आठवणं निराळं. सांगायला लागलं असतं. सांगण्याइतकी ताकद उरली नव्हती.

डॉक्टरांनी नाव दिलेली फिजिओथेरपिस्ट सदाशिव पेठेत बसते. दवाखाना पहिल्या मजल्यावर, कंबर धरलेल्या माणसांसाठी, आणि जिन्याशी पाटी: 'चढणे शक्य नसल्यास बेल वाजवावी. शक्य असल्यास चढावे.' मी चढले. मुलगी तिशीचीही नसेल. तिने मला उंच बाकावर झोपवलं, गुडघे वर घ्यायला सांगितले आणि म्हणाली, "पोट घट्ट करून दाखवा, काकू." मला ते शिकवावं लागलंच नाही. मी श्वास सोडला, कंबर खाली दाबली आणि बाकाला सपाट चिकटवली. अगदी न विचारता, शरीराला सवय असल्यासारखी. तिने हात पुढे केला आणि थांबली. "हे कुणी शिकवलं?"

तू शिकवलंस. म्हणजे, मी तुझ्याकडून करून घ्यायचे. स्वयंपाक आवरला की तू ओट्यासमोरच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपायचीस आणि मला शेजारी बसवायचीस. मी आठवीत आहे, हातात भूगोलाचं पुस्तक आहे. तुझ्या कमरेखाली, जिथे पाठ जमिनीपासून उचललेली असते, तिथे मी तळहात सरकवायचा आणि तू कंबर दाबून तो जमिनीशी पकडायचा. हात ओढून निघाला तर मी ओरडायचं, "कच्चं!" नाही निघाला तर "पक्कं!" तुला डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं: पाठीचा बाक मोडा, कंबर भुईला टेकवा. तू ते औषध घ्यावं तशा निष्ठेने करायचीस. पोलक्याच्या खालची तुझी गरम, घामेजलेली पाठ माझ्या बोटांवर दाबली जाते आहे, फरशी खालून गार आहे, आणि तू वर छताकडे बघत विचारते आहेस, "निघते का?" कधीकधी हात निघत असायचा, तरी मी "पक्कं" म्हणायचे. तुझं तोंड इतकं दमलेलं असायचं.

ती मुलगी म्हणाली, "काकू, असं नाही करायचं. कमरेला जो बाक आहे तो असू दे. तो मोडायचा नाही, वाढवायचाही नाही." तिने एक छोटा टॉवेल घेतला, घडी केली, गुंडाळी केली आणि माझ्या कमरेखाली, बरोबर त्या पोकळीत सरकवला. "आता खोकला येण्याआधी पोट जेवढं घट्ट होतं ना, तेवढंच घट्ट करा. श्वास चालू ठेवा. टॉवेल चपटा व्हायला नको आणि रिकामाही पडायला नको. एक पाय हळूच उचला." मी उचलला. कंबर लगेच टॉवेलवर दाबली गेली. "दाबलात," ती म्हणाली. परत केला. आता पाठ वर उचलली गेली. "आता सोडलात." किती वेळा केलं कोण जाणे. पाय वीतभरही वर जात नव्हता आणि मला घाम फुटला होता. मग एकदा पाय उचलला गेला आणि टॉवेल होता तसाच राहिला, माझी पाठ त्याच्यावर नुसती टेकलेली. ती म्हणाली, "हं. हे."

मी पडल्या पडल्या तिला तुझी गोष्ट सांगितली, हाताची, कच्चं-पक्कंची, पुढच्या दुखण्याचीही. नवऱ्याला सांगायची राहिलेली ती तिला सांगून टाकली. मग विचारलं, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चुकीचं करत होतो?" तिने उत्तर द्यायची घाई केली नाही. म्हणाली, "तेव्हा तसंच शिकवायचे. काहींना त्याने बरंही वाटायचं, आजही कुणाला तेच द्यावं लागतं. तुमच्या आईंची पाठ मी पाहिलेली नाही, त्यामुळे मला नाही सांगता येणार. पण जे पुढे झालं ते व्यायामामुळे नाही झालं, काकू. आणि दुसरा व्यायाम केला असता तर टळलं असतं, असंही नाही." एवढं बोलून तिने माझा दुसरा पाय धरला. "आता हा." मला तिचं ते फार बरं वाटलं. जिना उतरताना कठड्याला धरून जरा उभी राहिले, मग रिक्षा केली.

तिने एक गोष्ट मात्र ठाम सांगितली होती: तीन महिने कुणाला उचलायचं नाही, नंतरही एकटीने नाही. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मी करतो." आठवडाभर त्याने केलं. त्याला सकाळी मीटिंगा, अण्णांना आंघोळीला उशीर, अण्णांचे टोमणे, मग त्याची चिडचिड. मी दारात उभी राहून "चादर धर, त्यांना नको" असं सांगत राहायचे. आठवड्याच्या शेवटी त्याने स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "तुला कधीपासून जमेल?" मला राग यायला हवा होता. राग यायलाही उभं राहावं लागतं, मी खुर्चीत बसले. म्हटलं, "मला जमणार नाही. नर्सिंग ब्युरोमधून माणूस बघ."

"अण्णांना परका माणूस चालणार नाही."

"विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. मीच आत गेले. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, माझ्याच्याने तुम्हाला उचलणं होणार नाही आता. ब्युरोचा माणूस ठेवू या." मला वाटलं होतं, ते गप्प होतील किंवा काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "दोन वर्षं मला सुनेकडून आंघोळ घालून घ्यावी लागतेय. मला ते आवडत होतं असं वाटलं का तुला?" मग थोड्या वेळाने, खिडकीकडेच बघत, "तुला कधी बोललो नाही, कारण तू छान करत होतीस."

आता बीडकडचा एक पन्नाशीचा माणूस सकाळी येतो. तो अण्णांशी फार बोलत नाही, अण्णांना तेच पसंत आहे. नवरा पूर्वीइतकाच चांगला आहे आणि पूर्वीइतकाच मीटिंगमध्ये आहे. मी कॉलेजात दोन तास उभी राहू शकते, बस मात्र अजून टाळते. दुखणं झोपल्यावर कमी होतं, आई. ते मी अजूनही रोज तपासते.

हे तुला पाठवायचं कुठे, तो प्रश्नच नाही. पण लिहितेच आहे तर एक सांगून टाकते. त्या मुलीने व्यायाम दिवसातून दोनदा करायला सांगितले आहेत आणि दर वेळी ती विचारते तेव्हा मी हो म्हणते. सकाळचे करते. संध्याकाळी मी मधल्या खोलीचं दार लोटून घेते, चटई टाकते, टॉवेल कमरेखाली ठेवते, गुडघे वर घेते आणि नुसती पडून राहते. बाहेर नवरा अण्णांना आणि आल्यागेल्याला हळू आवाजात सांगतो, तिचा व्यायाम चाललाय, आणि तेवढा अर्धा तास मला कुणी हाक मारत नाही.