अर्धी हेज

मंगळवार, कार्डिफ

ड्यूटीवरून आले तर शेजारच्या जॉनने आमच्या दोन घरांमधली हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, कापलेली. फक्त त्याच्या बाजूची. मधोमध रेघ मारल्यासारखी. त्याची अर्धी बुटकी, आमची अर्धी तशीच वाढलेली.

महिनाभर म्हणत होता, "हेज छान वाढतेय तुमची." मी दरवेळी थँक यू म्हणत होते. तक्रार होती ती. नागपूरला शेजारणीने दारात येऊन चार शब्द सुनावले असते, मीही सुनावले असते, आणि संध्याकाळी एकत्र चहा झाला असता. इथे भांडण झालं, मिटलंसुद्धा, आणि मला पत्ताच नाही. वर आमच्या बाजूला पडलेली पानंही झाडून गेला. आता चिडायचं तरी कशावर?

जेवताना लेकीला म्हटलं, सई, या शनिवारीही तुझ्या मॅचला यायला जमणार नाही गं, शिफ्ट लागलीय.

"इट्स फाइन, आई."

नेहमी हेच म्हणते. मग स्वतःची प्लेट धुतली, माझीही धुतली, आणि वर खोलीत गेली.

बाहेर अजून उजेड आहे. खिडकीतून ती अर्धी हेज दिसतेय. सईचा जन्म इथलाच.