मास्तरांच्या घरचा गुडघा

१२ जानेवारी

चि. रंगारीबुवांस,
अ. आ. वि. वि. शिडीवरून पडताना कुणाचं ऐकलं नाहीस, आता ऑपरेशन झाल्यावर तरी माझं ऐक. रोज दहा गुडघे माझ्या हाताखालून जातात, पण भावाचा हा पहिलाच.

तुझ्या सर्जनना विचारूनच लिहितेय. पाठ भिंतीला टेकव, तळपाय जमिनीवर घट्ट ठेव, गुडघे थोडेसेच वाकवून परत सरळ हो. याला आम्ही बंद साखळी म्हणतो. पाऊल टेकलेलं असलं की कंबर, मांडी, पोटरी मिळून भार घेतात. खुर्चीत बसून वजन बांधलेला पाय हवेत सरळ केला की ती उघडी साखळी. तिथे मांडी एकटीच जोर लावते आणि ऑपरेशनमध्ये बसवलेला नवा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जातो. तो व्यायामही लागेल, पण त्याला अजून तीन महिने आहेत. पुन्हा शिडी चढायची असेल तर घाई नको.

बाबांना नमस्कार. माझ्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाला ते अजून मालिशच म्हणतात का? ताईवर माया असेल, तर ती उत्तर लिहून दाखव.
— ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. भिंतीचा व्यायाम आठवडाभर केला. पण बाबांनी तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, हे तू विसरलीस, ते विसरलेले नाहीत. भिंतीला टेकून उभं राहणं ही त्यांच्या मते शिक्षा, व्यायाम नव्हे. त्यांनी रंगाच्या डब्यात वाळू भरली, तो डबा माझ्या घोट्याला बांधला आणि मला खुर्चीत बसवलं. आता रोज शंभर वेळा पाय सरळ.

मांडी चांगली भरलीय. काल ते मला शाब्बास म्हणाले. याआधी कधी म्हणाले होते ते मला आठवत नाही. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
— धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. डबा आजच सोड. मांडी भरली म्हणजे गुडघा बरा झाला असं नसतं. सर्जनना लगेच दाखव आणि हे पत्र बाबांना वाचून दाखव. शाब्बासकीसाठी पाय पणाला लावू नकोस रे. मी त्यांच्या शाब्बासकीची वाट बघणं कधीच सोडलं, काही बिघडलं नाही. चार ओळी तरी ताबडतोब लिही.
— ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. तुझं पत्र वाचून दाखवलं. बाबा अर्ध्यातच उठून गेले. मग मीही आठ दिवस डबा सोडला नाही. त्यानंतर पायरी उतरताना गुडघा सटकला. लिगामेंट सैल झालाय. डब्यामुळेच झाला असं सर्जन छातीठोक सांगत नाहीत, पण वजनाने भलं नक्कीच केलं नाही म्हणतात. पुन्हा ऑपरेशन. वर्षभर शिडी बंद.

शेजारी भेटायला आले, तेव्हा बाबा त्यांना सांगत होते की पोरीने पत्रातून व्यायाम शिकवले आणि पोराचा पाय घालवला. मी तिथेच पलंगावर होतो. गप्प बसलो. मला लाज वाटते. लोभ ठेव असं म्हणायलाही तोंड नाही.
— धाकटा

१२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ. तू गप्प बसलास ते मला फार लागलं आणि ते मी विसरणार नाही. पण माझ्या रागाने तुझा गुडघा बरा होणार नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतरची यादी सोबत आहे. शब्द न् शब्द माझा. फक्त ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या अक्षरात आहे आणि खाली सही त्याची. बाबांना सांग, मोठ्या डॉक्टरांनी पाठवलीय. पाय सांभाळ, बाकीचं राहू दे.
— ताई

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बाबांनी यादी दोनदा वाचली आणि भिंतीवर चिकटवली. पाऊल टेकलं की सगळं अंग भार वाटून घेतं, हे किती सोपं करून सांगितलंय, याला म्हणतात शिकलेला माणूस, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. रोज माझ्या शेजारी भिंतीला टेकून स्वतः मोजतात. गुडघा छान आहे. खरं सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, पण पुन्हा वजन बांधतील या भीतीने मिटलं.

तुझ्यासाठी त्यांचा निरोप आहे. त्या डॉक्टरांच्या हाताखाली चार दिवस राहा, म्हणजे काहीतरी शिकशील.
— धाकटा