कॅसेटवरची संत्र्याची बाग

आई, तुझा खेळ परवा चालला.

सक्करदऱ्याच्या घरातली ती मे महिन्यातली दुपार तुला आठवत असेल. मामानं परदेशातून आणलेला कॉम्प्युटर सुट्टीभर आपल्या टीव्हीला जोडलेला होता आणि तू, शाळेत गणित शिकवणारी बाई, त्यावर स्वतःचा खेळ लिहीत होतीस. नरखेडकडची, तुझ्या माहेरची संत्र्याची बाग. लाइट जायच्या आत पंपाचं पाणी प्रत्येक झाडापर्यंत पोचवायचं. खेळ पुरा झाला आणि नेमका आपला टेपरेकॉर्डर कॅसेट खाऊ लागला. कॅसेटवर उतरवण्याआधी वीज गेली की सगळं पुसलं जाणार. व्होल्टेज उतरत चाललंय: टीव्हीवरचं चित्र आकसतंय, पंखा मंदावतोय. कूलर तू केव्हाच बंद केलायस.

"काहून उभी राहिली वं? काकूचा टेप आण, पळ!" तू मला ओरडतेस.

मी शेजारून टेप घेऊन धापा टाकत येते, तेव्हा बाबा म्हणतायत, "उद्या तुझा भाऊ मशीन घेऊन जाऊन राहिला. मग कॅसेटचं काय करशील?"

"आज ना उद्या कोणत्या तरी मशीनवर चालन," तू वायर खोचत म्हणतेस. बाबा चप्पल घालून उन्हात जातात. खिडकीतून त्यांचा आवाज येतो, आधी एका दारातून, मग पुढच्या: "थोडा वेळ कूलर बंद ठेवा जी. माझी बायको काम करून राहिली." तोवर ते तुझ्या या खेळ लिहिण्याला नादच म्हणायचे. टेपची किरकिर संपेपर्यंत आपण दोघी श्वास रोखून उभ्या होतो. वीज टिकली.

तसलं मशीन पुन्हा आपल्या घरात आलं नाही, आणि काही वर्षांनी तूही गेलीस.

आता जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम मिळतो, एम्युलेटर म्हणतात त्याला. कॅसेटचा आवाज मी त्याला ऐकवला. अर्ध्यावर अडकला. फीत जागोजागी झिजलेली, पुन्हा फिरवताना तुटली तर संपलंच. बाबा शेजारी खुर्चीत, काठी घट्ट धरून. दुसऱ्या खेपेला पडद्यावर हिरवे ठिपके उमटले, तुझी झाडं. पण नवा कॉम्प्युटर इतका वेगवान, की मी पहिल्या झाडाकडे पाणी वळवायच्या आत खेळातली लाइट गेली. मग वेग उतरवून जुन्या मशीनइतका केला. तरी हरले. परत हरले.

बाबांचा डोळा लागला तेव्हा मी वेग जुन्या मशीनच्याही निम्म्यावर आणला. मग कुठे शेवटच्या झाडाला पाणी लागलं.

जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "जिंकली का वं? तिच्याच स्पीडनं?"

मी हो म्हणाले. म्हणून हे पत्र त्यांना वाचून दाखवणार नाही.