पिवळ्या झाकणाच्या डब्या

९ जून, बुधवार

क्रीम नासू नये म्हणून घालायच्या प्रिझर्व्हेटिव्हची बाटली रिकामी! उलटी धरून तळहातावर आपटली, चार थेंब आले. नवी बाटली पार्सलमध्ये कुठेतरी अडकलीये. फोनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, निघालंय." पाच दिवस झाले, निघालंयच!

आणि एकोणीस तारखेचा बाजार दहा दिवसांवर. गुलामी सुटल्याचा दिवस — आमची सगळी वस्ती ऑरेंज माउंड पार्कात लोटणार. नीलनं रेडिओवर मेम्फिसमधल्या आपल्या काळ्या लोकांच्या धंद्यांची यादी वाचली, त्यात तिसरं नाव माझं. "व्हर्निटा ॲस्क्यू, केसांचं क्रीम. आपला पैसा आपल्या माणसांत राहू द्या!" तेव्हापासून फोन थांबत नाही. अठरा वर्षं या स्वयंपाकघरात शिया बटर वितळवतेय, कोरफड पिळतेय. महिन्याला वीस डब्या गेल्या तरी मी खूश. आता दोनशे चाळीस हव्यात.

१२ जून, शनिवार

केल्या. त्याच्याशिवायच केल्या.

कोरफडीचं पाणी आहे त्यात, वर हा उकाडा. मला माहीत आहे काय होऊ शकतं. तरी म्हटलं, लोक पंधरा दिवसांत संपवतील. थंड जागी ठेवा म्हणून सांगीन.

बहीण ओझेला झाकणं लावायला आली होती. या खेपेला पिवळी झाकणं मागवलीत, उठून दिसावीत म्हणून. बाटलीचं तिला सांगितलं. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "नीटा, आजवर आपल्या दारात कुणी रांग लावली होती? आज लागलीये तर तू दार लावून घेणार?"

मोठी आहे. पण हात माझेच होते.

१९ जून, शनिवार

दोनच्या आत सगळ्या संपल्या! दोनशे चाळीस!

शेजारी फ्लोरीनचे साबण, पलीकडे तळलेल्या कॅटफिशची रांग, ढोल, पोरं, ऊन. लोक डबी न उघडताच घेत होते. एक गोरी बाई तीन घेऊन गेली. केस तिचे पाण्यासारखे सरळ! कशाला हवंय विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला पाठिंबा म्हणून." फ्लोरीन तोंडावर हात धरून हसत होती. "लावेल ती पावाला!"

लटोन्या आली, आमच्या चर्चमधली, लेकीला कडेवर घेऊन. झारिया पाच वर्षांची, जाड कुरळे केस, हातात मावायचे नाहीत. लटोन्यानं चार डब्या घेतल्या. "मिस व्हर्निटा, दुकानातली जुनी बाटली फेकून दिली बरं का मी. आता फक्त तुमचं."

थंड जागी ठेवा, हे सांगायचंच राहिलं. गर्दी फार होती. तिलाही नाही, कुणालाच नाही.

२ जुलै, शुक्रवार

लटोन्याचा फोन. झारियाच्या डोक्यात फोड आलेत. "उन्हाचे असतील ना, मिस व्हर्निटा?"

असतील म्हणाले.

३ जुलै, शनिवार

राहवेना, गेले. पोर सोफ्यावर पालथी पडली होती. वेण्यांच्या मधल्या भांगात पिवळे फोड, कानामागे पू. हात लावू देत नव्हती.

बाथरूममध्ये डबी होती. झाकण फिरवलं. आतल्या बाजूला हिरवट काळे ठिपके, केसाळ. वास आला तो मला माहीत होता. क्रीम करायला शिकवताना आम्हाला मुद्दाम हुंगवला होता तो वास.

डबी पर्समध्ये टाकली. चोरासारखी. लटोन्याला म्हटलं, हे लावू नकोस, डॉक्टरकडे ने. तिनं माझ्या पर्सकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मी कुणाला काही बोलणार नाही, मिस व्हर्निटा. आपल्याच माणसाला मी खाली ओढायची नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं!

४ जुलै, रविवार

ओझेलाकडे जेवण. बार्बेक्यू, मॅकरोनी-चीज, सगळे भाऊबंद. तिला मागच्या अंगणात नेऊन डबी दाखवली.

आधी म्हणाली, ओली बोटं घातली असतील. मग म्हणाली, एकच खराब निघाली असेल. शेवटी माझं मनगट धरून हळू आवाजात, "नीटा, मोठ्या कंपनीचं तेल नासलं तर तेल नासतं. तुझं नासलं तर आपण सगळे नासलो. फ्लोरीनचे साबण, त्या पोरीची केकची गाडी, सगळे. तू बोललीस की लोकांना तेवढंच पाहिजे असतं."

तिचं खोटं नाही. म्हणूनच झोप नाही.

७ जुलै, बुधवार

गपचूप फोन करतेय. ओळखीचे तेवढेच — एकतीस जण. "नवं चांगलं करून देते, जुनं परत द्या," एवढंच सांगते. खरं कुणालाच सांगत नाही. बाकीच्यांची नावंच नाहीत माझ्याकडे! आले, घेतलं, हसले, गेले. कुठल्या कुठल्या घरात ती पिवळी झाकणं उघडतायत, देव जाणे.

८ जुलै

बसस्टॉपवर एका बाईच्या पिशवीत पिवळं झाकण दिसलं. गाडी थांबवून उतरेपर्यंत बस निघाली. रस्त्यात उभी राहून ओरडले. बसवाला काय म्हणाला असेल!

११ जुलै, रविवार

पाद्रींनी मला चर्चमध्ये उभं केलं. "आपल्या बहिणीनं बाजारात आपलं नाव काढलं." टाळ्या. लोक मागे वळून वळून टाळ्या वाजवत होते. पुढच्या बाकावरची म्हातारी मिसेस गेनी टोपी काढून डोकं माझ्यापुढे करते, "बघ गं, कसे मऊ झालेत! रोज लावते."

त्या डोक्यावर मी हात ठेवला. बोटांनी चाचपलं, फोड आहेत का म्हणून. नव्हते. तरी हात काढवेना.

लटोन्याची जागा रिकामी होती.

१३ जुलै, मंगळवार

झारिया हॉस्पिटलमध्ये. पू खोल गेला होता, डोकं भादरलं. सगळं.

भेटायला गेले. पोर म्हणाली, "माझ्या वेण्या त्यांनी कुठे ठेवल्यात?" लटोन्या खिडकीकडे तोंड करून उभी. मी म्हटलं, येतील नवीन. पोर म्हणाली, "पण त्या माझ्या होत्या."

डॉक्टरीणबाई बाहेर म्हणाली, काही ठिकाणी येतील, काही ठिकाणी सांगता येत नाही. आणि आईला विचारलं, डोक्याला काय लावत होता? लटोन्या म्हणाली, "काही नाही."

काही नाही! माझ्यासमोर म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली. पोरीचं डोकं उघडं पडलंय आणि ही मला झाकतेय!

मीच सांगितलं मग डॉक्टरीणबाईला. तिथेच, कॉरिडॉरमध्ये, पर्समधली डबी काढून हातात दिली. लटोन्या खोलीत निघून गेली. लिफ्टपर्यंतही आली नाही.

१५ जुलै, गुरुवार

नीलकडे गेले, रेडिओवर. शाळेत माझ्या वर्गातला. ऐकलं आणि हेडफोन टेबलावर टाकला.

"व्हर्निटा, मी माझं नाव लावलं गं तुझ्यामागे!"

"माहीत आहे."

"इतरांची नावं पण त्याच यादीत आहेत. त्यांनी काय पाप केलं?"

"नील, एक म्हातारी रोज डोक्याला लावतेय ते. तू बोलणार नसशील तर मी पार्कात उभी राहून ओरडेन."

मग खुर्ची पुढे ढकलली. तीन मिनिटं दिली.

कागद लिहून नेला होता, वाचता आला नाही. म्हटलं, मी व्हर्निटा ॲस्क्यू. पिवळ्या झाकणाची डबी असेल तर लावू नका, फेका नाहीतर मला आणून द्या. डोक्यावर फोड असतील तर आज डॉक्टरकडे जा. प्रिझर्व्हेटिव्ह संपलं होतं. मला माहीत होतं. तरी केलं. तुमचा दोष नाही, कशानं लावलंत, कुठे ठेवलंत, काही नाही. माझा.

नीलनं लगेच गाणं लावलं. माझ्याकडे न बघता.

१६ जुलै

फोन बंद ठेवलाय.

१९ जुलै, सोमवार

दारापुढच्या ओट्यावर डब्या. सकाळी दार उघडलं की ढीग. काही आपटून फोडलेल्या, क्रीम पायऱ्यांवर. एक गाडी हळू झाली, आतून बाई ओरडली, "बाजाराचा घाट घातला तुझ्यासाठी आम्ही, आणि तू आमच्या पोरांना हे देतेस?"

मिसेस गेनी काठी टेकत चालत आली. अर्धी वापरलेली डबी. "माझं डोकं ठीक आहे गं. पण तू आण म्हणालीस, आणली." पाणी पिऊन गेली. ती गेल्यावर रडले.

सरकारी माणूसही आला. स्वयंपाकघराला सील. भांडी, तराजू, सगळं आत.

२४ जुलै, शनिवार

फ्लोरीन भेटली, रस्त्यात. साबणाच्या पेट्या गाडीत तशाच, एक विकली नाही. "लोक विचारतात, तुझ्यात पण बुरशी आहे का? सहा वर्षं, नीटा. सहा वर्षं मी एक वडी खराब दिली नाही." ओरडली नाही. थकलेली होती.

ओझेलाचं बरोबरच होतं. तेही लिहून ठेवते.

८ ऑगस्ट

चर्चला जात नाही. प्रार्थनाही नाही. काय मागू?

१७ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागलेय. चादरी. गरम पाणी, भरपूर ब्लीच. चांगलं आहे. तिथे काही नासत नाही.

ओझेला बोलत नाही अजून. मीच घर विकून शिकागोला मामेबहिणीकडे जावं म्हणते. इथे दुकानात गेले की बायका आवाज खाली करतात. शिव्या चालतील, आवाज खाली नको.

रोज एकदा झारियाच्या घरावरून गाडी नेते. थांबत नाही.

१२ सप्टेंबर

घराचा दलाल येऊन गेला. उद्या पाटी लावणार.

२६ सप्टेंबर, रविवार

दुपारी दार वाजलं. लटोन्या. शेजारी झारिया, टोपी घालून. ती स्वतःच आत आली. दाराजवळचं स्टूल ओढलं, पोरीला बसवलं, टोपी काढली. बोटभर केस आलेत. कानामागे एक टक्कल तसंच. लटोन्या माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "उद्या शाळेत फोटो काढणारेत. ते टक्कल झाकेल असं काहीतरी करा. माझ्या हाताला जमत नाही. आणि मिस व्हर्निटा, नुसत्या पाण्यानं."