लाजाळूला सांगितलेलं नाव

जामसंडे,
गुरुवार, ता. ९ डिसेंबर १९६५

प्रिय सुगंधा,

अनेक आशीर्वाद. आजवर तुला कार्डच लिहीत आलो. पोस्टमन ते वाटेत वाचतो आणि दारात आल्यावर हातात देण्याआधी मजकूर सांगतो, याची आपण थट्टा करायचो. आज मुद्दाम पाकीट घेतलं आहे आणि ते भाताच्या शितांनी चिकटवणार आहे, म्हणजे मध्येच सुटायचं नाही. तुझंही या खेपेस पाकीटच आलं. मागच्या पडवीत बसून ते मी तीनदा वाचलं. तू लिहितेस, तीन महिने झाले, शौचाला रक्त पडतं, सासूबाईंना किंवा जावईबापूंना सांगितलेलं नाही. आईचं दुखणं माझ्या वाट्याला आलं, तेव्हा आई काय काय करायची ते सविस्तर लिहा, म्हणजे डॉक्टरपुढे जायची लाज नको, असं तुझं म्हणणं. सविस्तर लिहितो. पण माझी एक अट आहे. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चुलीवर काही चढवू नकोस.

घरात काय व्हायचं ते तुला अर्धंमुर्धं आठवत असेलच. सुरण परसातच होता. आई त्याच्या फोडी चिंचेच्या पाण्यात उकळून घ्यायची, नाहीतर घसा खाजतो, आणि मग तुपावर परतून तिखटाचा कणही न घालता वाढायची. दुपारी पातळ ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव. झोपताना कोमट पाण्यात इसबगोल. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, ते झणझणीत कालवण, घरातून गेलं ते गेलंच. तू तेव्हा बारा वर्षांची, ताटावर रुसून बसायचीस. न्हाणीत तांब्याचं मोठं घंगाळ होतं. त्यात सोसेल इतकं ऊन पाणी घालून, दार लावून घेऊन, पाव तास बसायचं. तुला सांगितलेलं असे की आई शेकतेय, तिकडे फिरकू नकोस. मग तू ओटीवर बसून दुसऱ्या दिवसाची कविता पाठ करायचीस. तुझा तो बारीक, सुरेल आवाज, एखाद्या ओळीशी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा. आत मला सगळं ऐकू यायचं. डोळे मिटून मी तुझ्याबरोबर ओठ हलवायचो.

हे वाक्य लिहिलं आणि थांबलो. खोडत नाही. तू आईसारखीच चुका काढण्यात तरबेज, तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेल. घंगाळात मी बसायचो, सुगंधा. मूळव्याध माझी होती. तुझ्या आईला ती नव्हती.

सेहेचाळीस साली पहिल्यांदा त्रास सुरू झाला. शाळेत लाकडी खुर्ची, तीही एका बाजूने उचकटलेली. त्या खुर्चीवर पाच मिनिटं बसणं म्हणजे निखाऱ्यावर बसणं. एकदा कवितेच्या तासाला मी उभाच राहिलो आणि एका पोरानं विचारलं, मास्तर, बसत कित्याक नाय. मी म्हणालो, कविता उभ्यानं म्हणायची असते, ती पाहुणी असते. काय सुचलं होतं मला. मुलांना ते इतकं आवडलं की सगळा वर्ग उभा राहिला. पुढे इन्स्पेक्टरसाहेब आले, त्यांनी शेरा लिहिला की या शाळेत काव्याचा आदर शिकवला जातो. गावात माझं नाव झालं. परवा तुझ्याच पत्रात होतं, धाकटा सासूबाईंसमोर उभा राहून कविता म्हणतो, आजोबांनी घातलेला नियम. वाचून मला पत्र खाली ठेवावं लागलं. कवितेवर माझं प्रेम होतं, ते खोटं नाही. पण उभा राहिलो तो तिच्यासाठी नाही.

आता नर्मदाआजीबद्दल. बाजारामागच्या बांधावर राहायची, झाडपाला द्यायची, तुला तिचा तंबाखूचा बटवा आठवत असेल. या दुखण्यावर तिच्याकडे लाजाळूचं मूळ मिळे, ताकात उगाळून घ्यायचं. पण तिची रीत कडक. आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता वाहायच्या, हात जोडायचे आणि ज्याला औषध हवं त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं. नाव सांगितलं की मूळ त्याचं, दुसऱ्याला गुण नाही. मी काही गेलो नाही. तुझ्या आईला पाठवलं. बांधावर तेव्हा चारपाच बायका होत्या, शेजारच्या गणपतची बायको सावित्री होती. नर्मदाआजी म्हणाली, कोणाक व्हया ता झाडाक सांग गो, नाव घेतल्याबिगर मूळ काढूचा नाय. तुझ्या आईनं अक्षता वाहिल्या. मग खाली वाकून म्हणाली, माकाच व्हया, रुक्मिणीक. हे तिनं मला घरी येऊन हसत हसत सांगितलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, म्हणून बिचारीनं स्वतःचं घेतलं, असं मी मनाशी धरून ठेवलं. पुष्कळ वर्षं त्यावर माझं भागलं.

एका तोंडून चार तोंडी जायला कितीसा वेळ. गणपतच्या मुलीच्या लग्नात मांडवात मी मंगलाष्टकं म्हणत होतो, स्वतः रचलेली, शार्दूलविक्रीडितात. बायकांच्या बाजूला सावित्री ओरडली, मास्तरणीक पाट नको, उशी घाला गो. दुसरी म्हणाली, आणि तिखट वाढू नको, नायतर मास्तर रात्रभर शेक देत बसतले. सगळ्या खदखदून हसल्या. तुझ्या आईनं खरंच उशी घेतली, तीवर बसली आणि त्यांच्याबरोबर हसली. मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी पुढचं कडवं जरा वरच्या पट्टीत लावलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. राग नव्हता त्या पाहण्यात. मी कुठे अडखळत तर नाही ना, एवढंच ती बघत होती.

अशी बारा वर्षं गेली. अठ्ठावन्न साली, दुसऱ्या खेपेला तुझे दिवस भरत आले होते तेव्हा, एका सकाळी ती न्हाणीतून आली आणि म्हणाली, इतकी वर्सां माझ्या नावार होती, आता खरीच इली बघा. रक्त जात होतं. आम्ही दोघंही हसलो, सुगंधा. मी तिला सुरण आणून दिला, ताक घुसळून दिलं, नर्मदाआजीकडून मूळ आणलं. आजी म्हणाली, तिच्याच नावाचा आसा, गुण येतलो. ती वाळत गेली. चोळ्या सैल झाल्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेलं, सोबतीला सावित्री होती. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांचा त्रास. तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. सावित्रीच म्हणाली, बारा वर्सां झाली, डाक्टरांनु. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, बारा वर्षं? मी म्हणालो, हो.

त्या एका शब्दाला आज सात वर्षं झाली. जुनं दुखणं म्हणून त्यांनी मलम दिलं, पूड दिली. त्यांचा दोष नाही, जे ऐकलं त्यावर औषध दिलं. नवीन आहे, तीन महिन्यांचं आहे, याआधी तिला काहीच नव्हतं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि तिनं बोलायचं काम माझ्यावर सोडलं होतं. पुढे मिरजेला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, ही मूळव्याध नव्हेच, आतड्याचा रोग आहे, फार पुढे गेला. लवकर आणली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तुला मी कळवलं की मूळव्याधीनं रक्त जाऊन गेली. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं वगैरे जे वर लिहिलं, तेही पुरतं खरं नाही. बांधावर जायला ती निघाली तेव्हा उंबऱ्यात मीच तिला सांगितलं होतं, माझं नाव कुठे निघता कामा नये.

हे पत्र तुझी क्षमा मागायला लिहिलेलं नाही. ती मागायची माझी लायकी नाही आणि तेवढा वेळही नाही. आईचं दुखणं माझ्या वाट्याला आलं, असं तू लिहिलंस, आणि ते खरं असेल तर त्यावर सुरण आणि ताक हा इलाज नव्हे. कदाचित तुझी साधी मूळव्याधच असेल, माझ्याकडून आलेली. तसं असलं तर मी बांधावर जाऊन लाजाळूपुढे हात जोडीन, तुझं नाव सांगीन आणि मग स्वतःचंही सांगीन. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू दे. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मी कणकवलीला येतो. सुरण बरोबर आणत नाही. जावईबापूंशी आणि सासूबाईंशी मी बोलेन, तुला तोंड उघडायला नको. पण गाडी चुकली, मला काही झालं, तर माझ्यासाठी थांबू नकोस. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांग, तीन महिने रक्त जातंय, आई बेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या रोगानं गेली, आणि मूळव्याध आहे ती वडिलांना, वीस वर्षांची. कोण वडील म्हणून विचारलं तर माझं नाव घे, मोठ्यानं घे. लेकीनं बापाचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी नसते.

तुझाच,
बाबा
(हरिश्चंद्र)