आभाराचं पान

डोंबिवली, मंगळवार

प्रिय सर्वेश,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. निमंत्रण पाहिलं. शनिवारी ठाण्यात आपल्या कॉलेजच्या पर्यावरण विभागाचा निरोप समारंभ आणि नदीच्या अभ्यासाचं पदक तुला. अभिनंदन म्हणणार होते, पण मन तेवढं मोठं नाही रे.

अकरा महिने मी दर रविवारी खडवलीला गेले. नदीत गुडघाभर उभं राहून बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत आणल्या. तू घरी बसून आलेख काढायचास. तेव्हा तेही गोड वाटायचं, कारण आपलं लग्नाचं ठरत होतं. मग तुझ्या आईंनी माझं आडनाव विचारलं आणि तुझे फोन कमी होत गेले. तेही मी गिळलं असतं. पण पप्पा दवाखान्यात होते त्याच आठवड्यात तू अहवाल जमा केलास, वर एकट्याचं नाव टाकून. जाब विचारला तर म्हणालास, "तू फक्त बाटल्या भरल्यास." विभागप्रमुख सरांकडे गेले, तर त्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला, आणि माझी नोंदींची वही तर तुझ्याकडेच होती. त्या दिवशी मी रडले नाही. याला सोडायचं नाही, एवढंच ठरवलं.

आणि तूच वाट करून दिलीस. अहवालातलं आभाराचं पान मी लिहिलेलं. तू ते न वाचताच तसंच जोडलंस. आपल्या विभागात पदक कुणी बडा पाहुणा देत नाही, जिथे काम झालं त्या गावातलं माणूस देतं. सरांनी त्या पानावरचं पहिलंच नाव उचललं, आवडाबाई. कोण त्या, ठाऊक आहे तुला? नदीकाठी भाजी पिकवतात. दर रविवारी मला भाकरी खाऊ घालायच्या, पाण्याला ओढ असली की स्वतः हात धरून उतरवायच्या. तुला त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

काल त्यांचा फोन आला. "पोरी, तुजं बक्षीस माज्या हातनं देनार हायेत." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. शनिवारी पदक हातात घेऊन त्या माइकवरून मलाच हाक मारतील, तेव्हा तू स्टेजच्या पायऱ्या चढत असशील. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. हे आधीच कळवतेय ते एवढ्यासाठीच, की मधले चार दिवस तुला झोप लागू नये. मी दोन महिने जागी आहे.

एकेकाळी तुझीच,
मेघना